टाळी कुठं वाजवायची?

पिशोरमध्ये टाळी कुठं वाजवायची हे कुणी शिकवत नाही. हरिनाम सप्ताहात बुवांनी गजर सुरू केला की मांडवातले सगळे हात आपोआप वर जातात. लग्नात शेवटचं मंगलाष्टक संपतं, अक्षता टाकून हात रिकामे होतात आणि बँडवाले सावरायच्या आत टाळ्या सुरू होतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात तर पोरगं स्टेजवर चढलं की वाजवतात, नाच विसरलं तरी वाजवतात आणि खाली उतरलं की आणखी जोरात वाजवतात. कन्नड तालुक्यातलं, अंजना नदीकाठचं हे आमचं मोठं गाव. कापूस, मका आणि अद्रक पिकवणारं. इथं शेकडो माणसं एकाच वेळी चिडीचूप झाल्याचा प्रसंग मला एकच आठवतो, तो अद्रकाचा भाव कोसळला तेव्हाचा.

या गावात आईनं ऑर्केस्ट्रा पुष्कळ ऐकला होता, पाहिला मात्र नव्हता. जत्रेला, गणपतीत, कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला ट्रकमधून मोठमोठे स्पीकर उतरायचे. किशोरकुमारचा आवाज काढणारा एक आणि लताबाईंचा आवाज काढणारी एक असे गायक यायचे, आणि समोर बसायचे ते सगळे पुरुष. बायकांनी यायचं नाही असा काही नियम नव्हता. पण रात्री अकरा वाजता स्टेजसमोर बसलेल्या बाईविषयी दुसऱ्या दिवशी नळावर काय बोललं जाईल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून बायका आपापल्या धाब्यावर पाय पसरून ऐकायच्या. गाणारीचा घसा बसलाय का, ड्रमवाल्याला घरी जायची घाई झालीय का, कुठल्या कडव्याला लाइट गेली आणि जनरेटर लागला, हे सारं आईला अंधारात बसून कळायचं. तिचा कान असा डोळ्यांच्या मदतीशिवाय तयार झालेला.

त्यामुळे मुंबईत एनसीपीएच्या दोन तिकिटांतलं एक आयत्या वेळी रिकामं राहिलं, तेव्हा मी फार विचार केला नाही. बायकोची मीटिंग काही संपत नव्हती आणि आई नेमकी त्याच दुपारी गाडीनं सीएसएमटीला उतरली होती.

“आई, ऑर्केस्ट्राला येतेस का?”

“रातचा?”

“संध्याकाळी सातचा.”

“बाया असतात का?”

“वाजवायलासुद्धा असतात.”

ती पिशवी खांद्याला लावून टॅक्सीत बसलीसुद्धा.

नरिमन पॉइंटच्या टोकाला टॅक्सी थांबली तेव्हा तिनं आधी समुद्राकडे पाहिलं, मग पायाखाली. ही सगळी जागा समुद्रात भर घालून केलेली आहे, असं मी सांगितल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, “मग सातबारा कुणाच्या नावावर?” शेतकऱ्याच्या घरात जन्म काढलेल्या बाईला जमीन नव्यानं तयार होते आणि तिच्यावर भाऊबंदकी नसते, हे पटणं अवघडच. जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांनी १९६९ साली ही संस्था काढली, आपण जातोय ते जमशेद भाभा थिएटर १९९९ साली उघडलं, वगैरे मी सांगत होतो. ते ती सौजन्यानं ऐकून घेत होती, जसं आपण पाहुण्याच्या घरी त्यांच्या मुलाचे मार्क ऐकतो.

दारात पिशवी तपासणीला थांबवली. आत अद्रक होतं. स्वतःच्या रानातलं, माती न धुतलेलं, सुनेसाठी आणलेलं. सुरक्षारक्षकानं एक गड्डा हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिला. “ये क्या है, माँजी?” आमच्या भागातली हिंदी आईला जन्मतः येते. “अद्रक है बाबा, पिशोर का. घर को लेके जाव, चाय में डालो.” त्यानं हसून नको म्हटलं आणि पिशवी क्लोकरूममध्ये जमा करून घेतली. तिथं ती दोन हेल्मेट आणि एका चामडी ब्रीफकेसच्या मधोमध बसली. आतल्या संगमरवरी जिन्यावर मात्र आई थबकली. मलबार हिलवरच्या पेटिट हॉल या पाडलेल्या हवेलीतला जिना उचलून इथं बसवला आहे, हे ऐकून तिला फार बरं वाटलं. जुन्या वाड्याचे खांब नि दारं नव्या घरात वापरणं हा आमच्याकडचाही शहाणपणाच आहे. हॉलच्या एक हजार एकशे नऊ खुर्च्यांचं तिला काही वाटलं नाही. सप्ताहाच्या पंगतीला याहून जास्त पानं उठतात.

त्या संध्याकाळी वाजवणारा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ साली सुरू झाला, खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांच्या पुढाकारातून. वादकांत थोडे भारतीय आणि बरेच परदेशी, त्यातही कझाकस्तानचे पुष्कळ. झाकीर हुसेन यांनी तबला आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी रचलेलं ‘पेशकार’ याच मंडळींनी २०१५ साली पहिल्यांदा वाजवलं. झाकीरभाई आईच्या ओळखीचे, चहाच्या जाहिरातीतले. बाकी माहितीत तिला रस नव्हता. ती पहिल्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्या बाईकडे पाहत होती.

“ही लांबची का?”

“कझाकस्तानची असेल.”

“मग लेकरं कुणाजवळ ठेवली हिनं?”

कार्यक्रमपत्रिकेत कंडक्टरनं कुणाकुणाकडे शिक्षण घेतलं त्याची यादी होती. त्या बाईच्या लेकरांबद्दल काही नव्हतं. हा मुद्दा मला आजवर एकाही संगीत समीक्षकानं उपस्थित केलेला आठवत नाही.

दिवे मंद झाले. ओबोवाल्यानं एक लांब सूर धरला आणि बाकीच्यांनी आपापली वाद्यं त्याला मिळवून घेतली. त्या मिनिटभराच्या गोंधळाला आईनं मान डोलावली. भजनाआधी पेटीवाला सूर देतो आणि पखवाजवाला हातोडी घेऊन ठोकत बसतो, ते तिनं आयुष्यभर पाहिलेलं. सूर मिळवण्याला वेळ देणारी माणसं चांगली असणार, असा तिचा हिशेब. मग कंडक्टर आला, लोकांना वाकून नमस्कार केला आणि लगेच आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. हे तिला खटकलं. कीर्तनात बुवा लोकांकडे तोंड करून असतात, टाळकरी मागे. इथं तर सगळ्यांत महत्त्वाच्या माणसाचं तोंडच दिसेना, आणि त्याच्या हातात वाद्यही नाही. तिनं माझ्या कानाशी येऊन विचारलं, “हा वाजवीत काहीच नाही का?”

पण मोझार्टची चाळिसावी सिम्फनी सुरू झाली आणि तिचे प्रश्न थांबले. ती पुढे झुकून व्हायोलिनवाल्यांचे हात पाहत होती. निंदणीला बायका पात धरून बसतात, तेव्हा कडेची एक जाणती बाई पुढं सरकते आणि बाकीच्यांची खुरपी न बोलता तिच्या बरोबरीनं चालतात. गजांच्या त्या वर-खाली होण्यात आईला पात दिसली असावी. कारण थोड्याच वेळात तिनं बोट करून मला दाखवलं, “पात ती धरते, पहिली बसलेली.” कॉन्सर्टमास्टर कोण हे ओळखायला मला काही वर्षं आणि एक पुस्तक लागलं होतं.

आता माझी एक खास चीज होती. सलील चौधरींनी १९६१ सालच्या ‘छाया’ चित्रपटात तलत आणि लताबाईंच्या एका गाण्याची चाल याच सिम्फनीच्या पहिल्या सुरावटीवरून बांधली. ते गाणं आईचं आवडतं. कापूस वेचताना लिंबाच्या फांदीला टांगलेल्या ट्रान्झिस्टरवर तिनं ते कितीदा ऐकलं असेल. तिला ते ओळखू येतं का, हे मी मिस्कीलपणे बघत होतो. ओळखू आलंच. तिनं माझ्याकडे वळून जरा नाराजीनंच विचारलं, “हे तर तलतचं गाणं. यांनी कुठून उचललं?”

मोझार्टनं ही सिम्फनी २५ जुलै १७८८ रोजी पुरी केली. तलतच्या आधी पावणेदोनशे वर्षं. पण ते कुजबुजत सांगण्याजोगं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिच्याशी वाद घालण्यात अर्थही नव्हता. तिच्या आयुष्यात तलत आधी आला आणि मोझार्ट नंतर. उचलल्याचा आळ मोझार्टनंच सोसायचा.

पहिला भाग संपला आणि आईनं टाळ्या वाजवल्या.

एकटीनं. सप्ताहात कमावलेली टाळी, तळहातावर तळहात पुरा बसणारी. हजारभर लोकांच्या शांततेत ती कशी वाजली असेल याची कल्पना करा. पुढच्या ओळीतले एक गृहस्थ मान वळवून बघू लागले. शेजारच्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं नाही, पण ठेवल्यासारखा चेहरा केला. मी छताची रचना फार बारकाईनं पाहायला लागलो. कंडक्टर पाठमोराच होता, पण त्याचे खांदे हसल्यासारखे हलले असं मला वाटलं. सिम्फनीचे चार भाग असतात, चारही संपल्यावर एकदाच टाळ्या वाजवायच्या असा इथला रिवाज आहे, हे मी तिला सांगितलं. “मग मधी आवडलं तर?” तिनं विचारलं. या प्रश्नाचं उत्तर एनसीपीएत कुणाकडेच नसावं.

मोझार्टकडे मात्र होतं. ऐन तरुणपणी तो नोकरीच्या शोधात पॅरिसला गेला. वडिलांना रजा मिळेना, म्हणून त्यांनी मुलावर लक्ष ठेवायला आईला बरोबर धाडलं. तिथं १८ जून १७७८ रोजी त्याची नवी सिम्फनी वाजली. वडिलांना पाठवलेल्या पत्रात त्यानं ती संध्याकाळ मोठ्या आनंदानं लिहिली आहे. पहिल्याच भागात एक जागा लोकांना आवडणार हे आपल्याला पक्कं माहीत होतं, ती आली आणि लोक वाजवणं चालू असतानाच टाळ्यांनी भारून गेले. म्हणून ती जागा आपण शेवटाकडे पुन्हा ठेवली होती, तिथंही तसंच झालं. टाळ्या मध्येच आल्या याचा त्याला राग नव्हता. त्यानं त्या हिशेबात धरल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर खुशीत तो आइस्क्रीम खायला गेला.

त्या पत्राची तारीख ३ जुलै आहे, आणि ते वाचायचं तर आणखी एक गोष्ट माहीत हवी. त्याच रात्री मोझार्टची आई पॅरिसमध्ये वारली. परक्या शहरात, परक्या भाषेत, आपण दिवसभर अंधाऱ्या खोलीत कैद्यासारखं एकटं बसून असतो, सूर्यही दिसत नाही, असं तिनं आधी घरी कळवलं होतं. मुलगा शिकवण्या आणि ओळखीपाळखींच्या मागे बाहेर. वडिलांना एकदम धक्का बसू नये म्हणून त्यानं पत्रात आई फार आजारी आहे एवढंच लिहिलं, आणि खाली टाळ्यांची ही हकिकत. खरी बातमी त्याच रात्री साल्झबर्गमधल्या एका स्नेह्याला कळवली आणि वडिलांच्या मनाची तयारी करायला सांगितलं. मी हे पत्र जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा ते आइस्क्रीम मला नीट गिळवत नाही.

मध्यंतरात आईला कॉफी कडू लागली आणि तलतचा प्रश्न पुन्हा निघाला. तेव्हा मी तिला गोव्याची माणसं सांगितली. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य नोटेशन आणि व्हायोलिन शिकलेले गोवेकर मुंबईला आले आणि फिल्मी गाण्यांच्या स्टुडिओत बसले. सेबास्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागची व्हायोलिनं रचली. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी वाजवलं, रचलं आणि शिकवलं. अमिताभ एका मोठ्या अंड्यातून बाहेर येऊन जे नाव सांगतो ते १९७७ सालचं गाणं म्हणजे प्यारेलालनी आपल्या या व्हायोलिनच्या गुरूला केलेला नमस्कार. या गोन्साल्विसांनी १९५८ साली स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करून रागांवर बेतलेल्या रचना सादर केल्या, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना गायला बसवून. आईनं सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे मी हे ऐकतच होते की,” ती म्हणाली. “माणसं दिसत नव्हती.”

याच्यापुढं मला काही जोडता आलं नाही. ज्यांनी तिचं आयुष्य सुरांनी भरलं त्यांची नावं गाण्याच्या तबकडीवर नसायची, आणि ऐकणारी जत्रेच्या गर्दीत नसायची. दोघंही अंधारातच.

उत्तरार्धात बीथोव्हनची सातवी होती. आता टिंपनी वाजू लागले आणि आई सावरून बसली, कारण चाळिसावीत ढोल नाहीतच. हॉर्नवाला मधल्या विसाव्यात वाद्य उलटं करून आतलं पाणी झटकत होता, ते तिनं मला दाखवलं. ती वेटोळी नळी उलगडली तर बारा फूट भरेल आणि फुंकरीची वाफ आत साचते, हे सांगितल्यावर तिला हॉर्नवाल्याची दया आली. व्हायोलिनच्या गजाला घोड्याच्या शेपटीचे केस लागतात हे मात्र तिला फार आवडलं. पोळ्याला आपण बैलाची शिंगं रंगवतो आणि बैल बिचारा ती रंगवून घेतो. घोडा निदान सिम्फनीत तरी भाग घेतो.

दुसरा भाग सुरू झाला. व्हायोला, चेलो आणि बेस खालच्या पट्टीत, दबक्या पावलांनी. गा ल ल गा गा, गा ल ल गा गा. ज्यांनी शाळेत वृत्तं पाठ केली आहेत त्यांनी भगणामागे दोन गुरू म्हणून पाहावं, म्हणजे चाल लगेच सापडेल. सूर जवळजवळ हलतच नाही, फक्त लय हलते, आणि त्या लयीवर एकेक वाद्य येऊन उभं राहतं. आईची बोटं गुडघ्यावर तीच लय धरत होती. भाग संपला. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि घट्ट धरून ठेवले. मला फार वाईट वाटलं.

कारण ही सिम्फनी पहिल्यांदा व्हिएन्नात ८ डिसेंबर १८१३ रोजी, लढाईतल्या जखमी सैनिकांच्या मदतीसाठी वाजली. कंडक्टर स्वतः बीथोव्हन, कान जवळजवळ गेलेले. आणि याच दुसऱ्या भागानंतर लोकांनी इतकं उचलून धरलं की तो भाग तिथल्या तिथं पुन्हा वाजवावा लागला. आपल्या भाषेत वन्समोअर. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९१३ साली, गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि बालगंधर्वांच्या एकेका पदाला महाराष्ट्रानं वन्समोअर देत पहाट केली. सिम्फनीच्या भागांमध्ये टाळी न वाजवण्याचा रिवाज नंतरचा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हळूहळू रुळलेला. त्याचे फायदे आहेत, ते मी मान्य करतो. शांततेत ओबो नीट ऐकू येतो. पण १८१३ च्या त्या संध्याकाळी आईला व्हिएन्नात बसवलं असतं तर कुणी मागं वळून पाहिलं नसतं. वळून पाहिलं असतं ते पुढच्या ओळीतल्या त्या गृहस्थांकडे, हा माणूस आजारी आहे का म्हणून.

शेवटचा भाग धावत सुटला, संपला, आणि सगळं सभागृह उभं राहिलं. आईनं पदराखालचे हात काढले. आता कुणाचीच अडकाठी नव्हती. तिच्या टाळीला बाकीच्यांची टाळी कमी पडत होती, आणि शेजारच्या बाई या वेळी तिच्याकडे पाहून हसल्या.

मरीन ड्राइव्हवरून परतताना, अद्रकाची पिशवी मांडीवर, मी विचारलं, “गाणारं कुणी नव्हतं, करमलं का?”

“बरं झालं नव्हतं ते,” ती म्हणाली. “घसा बसायची धास्ती नाही.”

या ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या सुमारास होतात. सप्टेंबरात मका अजून शेतात उभा असतो, त्यामुळे गावाकडच्या माणसाला दोन दिवस निघणं जमतं. तुमच्याकडे कुणी येणार असेल तर गाठ घाला. आधी मोबाइलवर काही दाखवू नका, आणि टाळी कुठं वाजवायची तेही सांगू नका. आतला एसी फार गार असतो, तेवढी शाल मात्र घ्यायला लावा.